बाबांचा वन्स मोअर

मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्राचा, म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत वाजवणाऱ्या मोठ्या वाद्यवृंदाचा, सीझन जवळ आला की मला दरवेळी एकदोन तरी मैत्रिणींचे सारखेच मेसेज येतात. "तू जातेस ना तिकडे? यायचंय गं एकदा. पण आपल्याला काय कळतंय त्यातलं? टाळी कधी वाजवायची तेसुद्धा माहीत नाही."

या टाळीबद्दलच लिहायचंय आज. थोडं लांबेल.

काही वर्षांपूर्वी मी बाबांना घेऊन गेले होते. बाबा मूळ गिरगावच्या खेतवाडीतले, उमेदीची वर्षं तिथल्या साहित्य संघाच्या नाट्यगृहात संगीत नाटकं ऐकण्यात गेलेली. "ऑर्केस्ट्रा आहे" म्हटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "निवेदक कोण?" त्यांच्या डोळ्यासमोर गणपतीतला, किशोर-रफीवाला ऑर्केस्ट्रा. म्हटलं, निवेदक नाही, गायक नाही, माईकसुद्धा नाही. "मग तिकीट कशाचं?"

डोंबिवलीहून लोकल, मग टॅक्सी करून नरिमन पॉइंट. एनसीपीएच्या जमशेद भाभा थिएटरमध्ये अकराशेच्या वर खुर्च्या आहेत, आमच्या अर्थातच पार मागच्या. वादक येऊन बसले, सगळीकडून किरकिर सुरू झाली. मग पहिला व्हायोलिनवाला उभा राहिला, ओबोने (सनईसारखं एक वाद्य) एक लांब सूर धरला आणि बाकीचे त्याला मिळवू लागले. बाबा एकदम सावरून बसले. "पांढरी सहा!" माझ्या कानात. बरोबर होतं, पेटीवरची सहावी पांढरी पट्टी. जगभरातले ऑर्केस्ट्रे त्याच सुरावर जुळवतात. तंबोरे लागताना ऐकलेल्या माणसाला ते वेगळं सांगावं लागत नाही.

चायकोव्हस्की या रशियन संगीतकाराची सहावी सिम्फनी होती. चार भाग, म्हणजे मूव्हमेंट, आणि रिवाज असा की टाळी मधे नाही, चौथा भाग संपल्यावरच. दुसऱ्या भागात बाबांची बोटं मांडीवर हलायला लागली. एक-दोन, एक-दोन-तीन. "पाच मात्रा आहेत गं. अर्धा झपताल." हेही बरोबर. तो भाग खरंच पाच मात्रांचा आहे, दोन आणि तीन अशा विभागांचा. मी चार वेळा ऐकलेली सिम्फनी, माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

तिसरा भाग म्हणजे मार्च, लष्करी कूच करतानाची चाल. चढत चढत जातो, झांजा, ढोल, पितळी वाद्यं, आणि शेवट असा दणक्यात की आता संपलंच. बाबा उठून उभे राहिले, टाळ्या वाजवल्या आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "वन्स मोअर!"

पुढच्या रांगेतल्या बाईंनी मान वळवून बघितलं. मला खुर्चीखाली जावंसं वाटलं. पण खरं सांगायचं तर अर्धं सभागृह टाळ्या वाजवत होतं. या जागी जगात सगळीकडे वाजतात, त्या संगीताचा तो गुणच आहे.

घरी आल्यावर मी वाचायला बसले, बाबांची चूक किती मोठी ते बघू म्हणून. निघालं भलतंच. 1778 च्या जूनमध्ये पॅरिसमध्ये मोझार्टची नवी सिम्फनी वाजली. त्याने वडिलांना लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. पहिल्या भागाच्या मधोमध एक जागा अशी होती की ती लोकांना आवडणार हे त्याला ठाऊक होतं. लोकांनी वाजणं चालू असतानाच टाळ्या दिल्या, आणि त्याने ती जागा शेवटाकडे पुन्हा आणूनच ठेवली होती. खूश होऊन मग आइस्क्रीम खायला गेला. बेथोव्हेनची सातवी 1813 साली व्हिएन्नात पहिल्यांदा झाली तेव्हा दुसरा भाग लोकांनी पुन्हा वाजवायला लावला. वन्स मोअरच की हा! मग आमच्या बाबांचं काय चुकलं?

गप्प बसण्याची शिस्त पुढची, एकोणिसाव्या शतकात हळूहळू आलेली. तिच्यात वागनर या जर्मन संगीतकाराचा हात मोठा, आणि तोच तिच्यात सापडला. 1882 साली त्याच्याच ऑपेराच्या, म्हणजे त्यांच्याकडच्या संगीत नाटकाच्या, प्रयोगात तो "ब्राव्हो" म्हणाला, तर प्रेक्षकांनी त्यालाच शूऽऽ केलं म्हणतात.

तरी मी असं म्हणणार नाही की वाटेल तिथे टाळ्या पिटा. त्या सहाव्या सिम्फनीतच बघा. मार्चच्या दणक्यानंतर चौथा भाग एकदम खोल दुःखात सुरू होतो. मधे टाळ्यांचा कडकडाट झाला की ती दरी भरून जाते. ख्यालाच्या मैफलीत आपण समेवर "वा" म्हणतो, पण षड्ज लागत असताना बोलत नाही. तेवढा पोच बाबांना आहे, मैत्रिणींनाही आहे. भीती टाळीची नाहीच. ती मागे वळून बघणाऱ्या मानेची आहे.

एनसीपीएचा हा ऑर्केस्ट्रा 2006 पासूनचा आहे, तिथल्याच खुशरू सनटूक आणि कझाक व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी उभा केलेला. बरेच वादक सीझनपुरते परदेशातून येतात. एवढा घाट घातला जातो आणि गिरगावातला माणूस टाळीच्या धास्तीने घरी बसतो, हे मला पटत नाही.

आणि गिरगावात काय नाही? चर्नी रोडला रॉयल ऑपेरा हाऊस आहे. 1911 मध्ये पाचव्या जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालेलं. तिथे बालगंधर्व गायले, मास्टर दीनानाथ गायले. आजोबा सांगायचे, एकेका पदाला इतके वन्स मोअर की नाटक पहाटेपर्यंत लांबायचं. पुढे तिथे सिनेमे लागले, 1993 ला दारं बंद झाली, आमच्या पिढीला ऑपेरा हाऊस म्हणजे हिऱ्यांचा बाजार आणि बसचा स्टॉप. 2016 मध्ये दुरुस्त होऊन उघडलं, तेव्हा बाबा आत जाऊन नुसतं छत बघून आले. पाचशे पंचाहत्तर खुर्च्या. चायकोव्हस्कीचा अख्खा ताफा तिथे दाटीवाटीचा होईल, पण मोझार्टला चाळीसेक वादक पुरतात. सीझनमधली एक संध्याकाळ तिथे करा. तिकीट नाटकाएवढं ठेवा. आणि जाहीर करून टाका की आज 1778 चे नियम, आवडलं की वाजवा. ज्या भिंतींनी एवढे वन्स मोअर ऐकलेत त्यांना आणखी चार जड नाहीत.

त्या रात्री चौथा भाग संपत आला तेव्हा शेवटी फक्त चेलो आणि डबल बास ही खर्जातली तंतुवाद्यं उरली, मग तीही विझत गेली. कंडक्टरचा हात वरच होता. मी धास्तीने बाबांकडे बघितलं. ते हात मांडीवर ठेवून बसले होते, डोळे मिटलेले. परतीच्या गाडीत मी सांगितलं की ही सिम्फनी पहिल्यांदा वाजल्यावर नवव्या दिवशी चायकोव्हस्की गेला. मशीद बंदर येईपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "भैरवी होती ती. कुणाला कळली नसेल."

यंदा ते पुन्हा येणार आहेत. कुणाला बरोबर यायचं असेल तर कमेंटमध्ये सांगा, तिकिटं एकदमच काढू. बाबांच्या शेजारची खुर्ची मात्र धीराच्या माणसाने घ्यावी.