मामा कुठल्या रकान्यात?

५ मे २०२२ ला जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज जाहीर झाला आणि दोन तासांत आमच्या भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडले. संघटनेच्या हिशेबाने २०२० आणि २०२१ मिळून भारतात एरवीपेक्षा सुमारे ४७ लाख माणसं जास्त गेली होती. तेवढ्याच काळातला कोविड मृत्यूंचा सरकारी आकडा होता ४ लाख ८१ हजार. म्हणजे जवळजवळ दहापट फरक. पुण्याच्या मावसभावाने, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, लगेच लिहिलं, "यांना आपलं बरं झालेलं बघवत नाही." नाशिकच्या मावसबहिणीचं उत्तर, "खरा आकडा याहूनही मोठा असेल." मी इंग्लंडमधल्या लीड्समध्ये कामाच्या मधल्या सुट्टीत हे वाचत होते. चार ओळी लिहिल्या आणि पुसल्या. तरी दादाचं वाक्य आलंच: "आता विलायतेहून प्रवचन येईल."

मामेभाऊ त्या दिवशी ग्रुपवर काहीच बोलला नाही. बरोबर एक वर्षापूर्वी मामा गेले होते.

प्रवचन मी त्या दिवशी दिलं नाही. पण माझा धंदाच असा आहे की या वादात मला गप्प बसवत नाही. मी इथल्या एका रुग्णालयात क्लिनिकल कोडर आहे. डॉक्टरांच्या नोंदी वाचायच्या आणि प्रत्येक निदानाला ठरलेला संकेतांक लावायचा, दिवसभर हेच. कोविडसाठी दोन संकेतांक आले. चाचणीत विषाणू सापडला तर यू०७.१. चाचणीत सापडला नाही किंवा चाचणीच झाली नाही, पण लक्षणांवरून डॉक्टरांचं निदान तेच आहे, तर यू०७.२. भारतातही आयसीएमआरने २०२० मध्येच मृत्यूचं कारण कसं लिहावं याची मार्गदर्शिका काढली, तिच्यात हे दोन्ही संकेतांक आहेत. पुस्तकात दोन्हीकडे सारखंच. फरक पडला तो रोज संध्याकाळी टीव्हीवर सांगायच्या आकड्यात दुसरा संकेतांक धरायचा की नाही, इथे.

आमच्या शेजारचे एक म्हातारे गृहस्थ एप्रिल २०२० मध्ये वृद्धाश्रमात वारले. वय ८८, डिमेन्शिया, हृदयही थकलेलं. आश्रमात ताप-खोकल्याची साथ होती, पण त्यांची चाचणी झाली नव्हती, कारण तेव्हा चाचण्याच पुरत नव्हत्या. डॉक्टरांनी मृत्यूच्या दाखल्यावर पहिल्या ओळीत कोविड-१९ लिहिलं, खालच्या भागात डिमेन्शिया. इंग्लंडमध्ये दाखल्याच्या प्रतीवर मृत्यूचं कारण छापलेलं असतं. त्यांच्या मुलीने तो कागद कुंपणावरून माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "चाचणी न करता हे लिहिलंच कसं?" ती चिडली होती. वडील वयाने गेले असं तिला वाटत होतं, आणि त्यांना उगीच कुणाच्या तरी हिशेबात ढकललंय असंही.

गंमत अशी की त्यांना ढकललं होतं ते एकाच हिशेबात. त्या काळात इथे दोन सरकारी मोजण्या चालू होत्या. पंतप्रधानांच्या निवासस्थानी संध्याकाळी पडद्यावर दिसायची ती पहिली. २९ एप्रिल २०२० पर्यंत इंग्लंडसाठी तिच्यात फक्त रुग्णालयातले मृत्यू होते, आणि नंतर वृद्धाश्रम व घरं धरली तेव्हाही चाचणी पॉझिटिव्ह असणं आवश्यकच राहिलं. दुसरी मोजणी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची, दाखल्यावर कोविड लिहिलंय का एवढंच पाहणारी. शेजारी पहिल्या मोजणीत नव्हते, दुसऱ्या मोजणीत होते. दोन्ही आकडे सरकारी, दोन्ही खरे, आणि दोन्ही उघड.

आता मामा. मे २०२१, सातारा जिल्ह्यातलं गाव. चार दिवस ताप, आरटी-पीसीआर निगेटिव्ह. मग तालुक्याला नेऊन सीटी स्कॅन केला. त्या महिन्यात माणसं एकमेकांची तब्येत विचारायच्या ऐवजी "स्कोअर किती?" एवढंच विचारायची. मामांचा स्कोअर, म्हणजे फुप्फुसं किती बिघडली याचा आकडा, २५ पैकी १७ आला. ऑक्सिमीटरवर ८२. बेड शोधण्यात एक रात्र गेली आणि पहाटे मामा घरीच गेले. ग्रामसेवकाने नोंद केली, दाखला दिला. दाखल्यावर नाव, तारीख, ठिकाण. कारण नाही. आपल्याकडच्या दाखल्यावर ते नसतंच. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या १७ व्या कलमानुसार मृत्यूचं कारण उताऱ्यावर उघड करता येत नाही. माणूस कशाने गेला हे चव्हाट्यावर येऊ नये, हा विचार मला पटतोही. पण त्या वर्षी त्याचा परिणाम असा झाला की लाखो घरांत मृत्यूचा दाखला होता आणि मृत्यू कशाचा, हे त्यावरून कुणालाच सांगता येत नव्हतं.

ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोविड मृत्यूमागे ५० हजार रुपयांच्या मदतीला मंजुरी दिली, तेव्हा मामेभावाने अर्ज भरला. चाचणी निगेटिव्ह, रुग्णालयात दाखल केल्याचा कागद नाही. अर्ज नामंजूर. मामींना पैशांची आस नव्हती. "कशाने गेले ते कुठंतरी लिहून यावं," एवढंच त्या म्हणत होत्या.

इथे एक मृत्यू, जो कोविडचा होता की नाही यावर वाद घालता येईल, मोजला गेला. तिथे एक मृत्यू, ज्याबद्दल घरातल्या कुणालाही शंका नव्हती, मोजला गेला नाही. यावरून "बघा, ते लोक प्रामाणिक आणि आपण लबाड" असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. परदेशात राहणाऱ्यांना तर फारच. मला तो मान्य नाही, कारण इथला गोंधळही मी जवळून पाहिला आहे.

२०२० च्या उन्हाळ्यापर्यंत इंग्लंडच्या रोजच्या आकड्याचा नियम असा होता की माणूस एकदा पॉझिटिव्ह आला की पुढे केव्हाही, कशानेही मेला, तरी मोजायचा कोविडमध्ये. मार्चमध्ये बरा झालेला माणूस जुलैत बसखाली सापडला तरी तो साथीचा बळी. ऑक्सफर्डच्या कार्ल हेनेगन आणि त्यांच्या सहकाऱ्याने हे निदर्शनास आणलं, आणि १२ ऑगस्टला नियम बदलला: पॉझिटिव्ह चाचणीपासून २८ दिवसांतले मृत्यू तेवढे धरायचे. ब्रिटनचा एकूण आकडा एका दिवसात ४६,७०६ वरून ४१,३२९ वर आला. पाच हजारांहून अधिक मृत कागदावरून उठून गेले. "बघा, सगळं फुगवलेलं होतं" म्हणणाऱ्यांना ऊत आला. आणि त्याच वेळी २९ व्या दिवशी अतिदक्षता विभागात जाणारा माणूस नव्या नियमात बसत नव्हता, याकडे दुसऱ्या बाजूने बोट दाखवलं.

ऑक्टोबरमध्ये तर कहर झाला. १५,८४१ पॉझिटिव्ह रुग्णांची नोंद आठवडाभर पुढे सरकलीच नाही, कारण प्रयोगशाळांचे निकाल एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये भरले जात होते आणि त्या फाइलीत ६५ हजारांच्या थोड्या वर गेलं की ओळी संपतात. आमच्या विभागात त्या दिवशी हसावं की रडावं कळेना. तेव्हा प्रगत देशाचे तक्ते काही फार भक्कम असतात असं कुणी मला सांगू नये.

मग फरक कुठे आहे? मला तो वेळेत दिसतो. इथलं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय दर मंगळवारी आकडे काढायचं: अकरा दिवसांपूर्वीच्या शुक्रवारी संपलेल्या आठवड्यात एकूण किती माणसं मेली, कुठल्याही कारणाने. बाजूला मागच्या पाच वर्षांची सरासरी. कोविडने की कोविड असताना, चाचणी झाली की नाही, २८ दिवस की ६०, हे सगळे वाद त्या एका तक्त्यापुढे थंड पडायचे. सरासरीहून दुप्पट माणसं मेली असतील तर व्याख्या काहीही करा, माणसं मेलेली आहेत. आणि तक्ता भांडण ऐन रंगात असताना यायचा. माझ्या कार्यालयातला एक सहकारी, लॉकडाऊनचा कट्टर विरोधक, दर मंगळवारी तो तक्ता घेऊन वाद घालायला यायचा. कधी तो जिंकायचा: २०२० च्या उन्हाळ्यात काही आठवडे मृत्यू सरासरीच्या खाली गेले होते. पण आम्ही दोघे एकाच कागदावर बोट ठेवून भांडत होतो.

आपल्याकडे तो कागद नव्हता. खरं तर होता, पण दप्तरात. ३ मे २०२२ ला, म्हणजे संघटनेच्या अंदाजाच्या दोनच दिवस आधी, केंद्र सरकारने २०२० चा नागरी नोंदणीचा अहवाल काढला. २०१९ मध्ये नोंदलेले मृत्यू ७६.४ लाख, २०२० मध्ये ८१.२ लाख. वाढ पावणेपाच लाखांची. दादाने तोच अहवाल ग्रुपवर टाकला आणि विचारलं, "२०१८ ते २०१९ मध्ये साथ नव्हती, तरी वाढ सात लाखांची आहे. ती कुणाच्या माथी मारणार?" प्रश्न बिनतोड होता. नोंदणी सुधारत जाते तसे मृत्यूही वाढल्यासारखे दिसतात, हे खरंच आहे. संघटनेच्या हिशेबाच्या पद्धतीवरचे भारताचे आक्षेपही सगळे पोकळ नव्हते. १७ राज्यांची माहिती काही ठिकाणी पत्रकारांनी माहिती अधिकारात मिळवलेली, बाकीच्या राज्यांसाठी गणिती अंदाज. एवढ्या मोठ्या देशाचा हिशेब असा बाहेरून मांडावा लागणं कुणालाच भूषणावह नाही.

पण दादा, बाहेरच्यांना अंदाज का करावा लागला? कारण खरा प्रश्न २०२१ चा होता, दुसऱ्या लाटेचा, आणि त्या वर्षाचा अहवाल तेव्हा आलेलाच नव्हता. तो आला मे २०२५ मध्ये. २०२१ मध्ये नोंदलेले मृत्यू १ कोटी २ लाख. एका वर्षात सुमारे २१ लाखांची वाढ, आणि त्याच वर्षाचे सरकारी कोविड मृत्यू ३ लाख ३२ हजारांच्या आसपास. नोंदणी सुधारली म्हणून सात लाख वजा करा, लोकसंख्या वाढली म्हणून आणखी थोडे करा, तरी उरलेला आकडा सरकारी आकड्याच्या तिपटीहून अधिक राहतो. आणि त्याचबरोबर, हेही म्हणते, तो संघटनेच्या अंदाजाइतका मोठा दिसत नाही. दोन्ही तटांनी आपापला हट्ट थोडा सैल करावा असा तो आकडा आहे. तो २०२२ मध्ये हातात असता तर आमच्या ग्रुपवरचं भांडण वेगळं झालं असतं. आला तेव्हा वरातीमागून घोडं. त्या दिवसांत सगळ्यांचं लक्ष सीमेवरच्या बातम्यांकडे होतं.

राज्यांनी मधूनमधून हिशेब दुरुस्त केले, याचं श्रेय मात्र त्यांना मिळालं नाही. महाराष्ट्राने १६ जून २०२० ला जुने १,३२८ मृत्यू एकदम जमेस धरले, त्यातले ८६२ मुंबईचे. बिहारने जून २०२१ मध्ये ३,९५१ वाढवले. दोन्ही वेळा "एका दिवसात एवढे मृत्यू!" असा गहजब झाला. जो हिशेब दुरुस्त करतो त्यालाच झोडपायचं, ही खोड मात्र इथे आणि तिथे सारखीच. गुजरातने जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं की नोंदलेले कोविड मृत्यू १० हजारांच्या आसपास आणि मंजूर झालेले मदतीचे अर्ज ६८ हजारांवर. यात चोरी पकडली म्हणून नाचण्याआधी एक बघावं: मदतीची व्याख्या मुद्दामच सैल ठेवली होती, चाचणीपासून ३० दिवसांतले मृत्यू, रुग्णालयाबाहेरचे असले तरी धरून. सैल व्याख्येने मोजलं की किती सापडतात, हे त्यातून कळलं. तेवढं कळणंही मोठं होतं.

शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट वेगळी नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात हिंदुस्थानात किती माणसं गेली याचे अंदाज आजही सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत फिरतात. गावचा पाटील आणि चौकीदार जी नोंद ठेवत, ते स्वतःच आजारी पडले होते. शेवटी १९२१ च्या जनगणनेने सांगितलं की आजच्या भारताच्या हद्दीतली लोकसंख्या दशकभरात घटली. तेव्हा निदान तीन वर्षांत जनगणना आली. २०२१ ची जनगणना २०२१ मध्ये झालीच नाही.

मे २०२५ मध्ये मी तो १ कोटी २ लाखांचा आकडा ग्रुपवर टाकला, यावेळी न पुसता. नाशिकच्या बहिणीने अंगठा दाखवला. दादा दोन दिवस काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी रात्री, म्हणजे त्याच्याकडे मध्यरात्र उलटून गेल्यावर, त्याने मला एकटीला विचारलं, "अगं, यात मामा आहेत का?"

आहेत, म्हटलं. कोविडच्या आकड्यात नाहीत, पण यात आहेत. ग्रामसेवकाने दहाव्या दिवशी नोंद केली होती ना.