स्लँगमुळे कादंबरी बुडत नाही: एका फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद

आईपणावर विनोदी कादंबरी लिहिणाऱ्यांना हल्ली एक सल्ला हमखास ऐकवला जातो. ‘ट्रेंडी स्लँग, म्हणजे चालू फॅशनचे बोलीतले शब्द, टाळा. ती दोन वर्षांत शिळी होते. खऱ्या आया असं बोलत नाहीत. निम्म्या वाचकांना कळत नाही. लेखिका तरुण दिसायला धडपडतेय हे पानोपानी जाणवतं. विश्वास नसेल तर वाचकांच्या प्रतिक्रिया वाचा.’ या सल्ल्यामागचा वैताग खरा आहे. रोग मात्र चुकीचा ओळखलाय.

‘दोन वर्षांत शिळी होते.’

काही शब्द होतात, काही होत नाहीत, आणि कुठला जगेल हे आधी सांगता येत नाही. ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’वाल्या जोनाथन स्विफ्टने १७१० मध्ये इंग्रजीत घुसलेल्या नव्या टूम-शब्दांवर जाहीर तोंडसुख घेतलं. त्यातला ‘कंट्री पुट’ (गावंढळ माणूस) मेला. ‘मॉब’ (जमाव) आणि ‘बँटर’ (थट्टामस्करी) आजही ठणठणीत आहेत. या दोघांपुढे आपलं काही चाललं नाही, हे त्याने तिथेच कबूल केलं होतं. ‘ओके’ तर १८३९ साली बॉस्टनच्या एका वृत्तपत्रात चुकीच्या स्पेलिंगची गंमत म्हणून छापला गेला. तेव्हा कुणी लेखकाला ‘हा टिकणार नाही’ असं बजावलं असतं, तर त्याने मान डोलावली असती.

पण विनोदी कादंबरीत शिळेपणा हा दोषच असतो, हे गृहीतकच मुळात कच्चं आहे. इंग्रजी विनोदी लेखक पी. जी. वुडहाउस यांचा नायक बर्टी १९१५ पासून १९७४ पर्यंत जवळपास एकाच जमान्याची बोली बोलत राहिला. ती बोली कधीचीच जुनी झाली होती आणि त्यातच मजा होती. आईपणाच्या गोष्टीत तर शिळा शब्द हे आयतं भांडवल. चाळिशीतली आई ‘झक्कास’ म्हणते, तेरा वर्षांची लेक डोळे फिरवते. मग आई नवा शब्द शिकून येते, तोवर लेकीच्या वर्गात तो बाद झालेला असतो. हा प्रसंग शब्द शिळा झाल्याशिवाय उभाच राहत नाही.

खरी गफलत होते ती काळ पक्का न केल्यामुळे. हस्तलिखित पुरं होऊन पुस्तक हातात येईपर्यंत वर्ष-दीड वर्ष सहज जातं, त्यामुळे लिहिताना सगळ्यात गरम असलेला शब्द छापून येईतो कोमट झालेला असतो. उपाय सोपा आहे. कथेतलं बाळ कुठल्या साली जन्मलं ते ठरवा, आईचं वय ठरवा, आणि ती विशी-पंचविशीत असताना जे शब्द चालत होते ते तिच्या तोंडी घाला. माणसं आपली स्लँग तरुणपणी गोळा करतात आणि पुढे बरीच वर्षं तीच वापरतात. २०१९ मध्ये जन्मलेल्या बाळाच्या पंचविशीतल्या आईने २०१९ चे शब्द वापरले तर त्याला शिळं म्हणत नाहीत, काळ म्हणतात.

‘खऱ्या आया असं बोलत नाहीत.’

कुठल्या आया, आणि कुणाशी बोलताना? या एका प्रश्नावर हा मुद्दा ढासळतो. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत बाईला दिवसाकाठी तीन-चार भाषा बोलाव्या लागतात. डॉक्टरांशी एक, घरातल्या मोठ्यांशी दुसरी, बाळाशी ‘मंमं’, ‘जोजो’, ‘भुर्र’वाली तिसरी आणि मैत्रिणीशी चौथी. नवजात बाळ चोवीस तासांत साधारण ८ ते १२ वेळा दूध पितं. म्हणजे आईचा एक हात बराच वेळ अडकलेला. मैत्रिणीला एका अंगठ्याने टाइप केलेला निरोप लांबलचक आणि शुद्ध असेल, ही अपेक्षाच चमत्कारिक.

एकच बातमी घ्या: बाळ रात्रभर झोपलं नाही. मैत्रिणीला: ‘रात्रभर नुसता राडा. मी खल्लास.’ डॉक्टरांना: ‘दर दीड तासाने उठतोय, दूध ओढतो, पण ढेकर निघत नाही.’ सासूबाईंना: ‘काही नाही हो आई, जरा किरकिरत होता.’ बाळाला: ‘कोण जागं होतं? कोण जागं होतं गं माझं ते?’ बाई एक, रात्र एक, वाक्यं चार. वाचकाला ‘असं कुणी बोलत नाही’ वाटतं, कारण लेखिकेने चौघांनाही पहिलंच वाक्य ऐकवलेलं असतं. प्रत्येक महत्त्वाची ओळ अशी चार श्रोत्यांसाठी लिहून पाहिली की हा दोष लगेच सापडतो.

आणि एकदा या चार भाषा वाचकाच्या कानात बसल्या की त्यांची सरमिसळ करायची मुभा मिळते. झोपेने तारवटलेली आई डॉक्टरांना गंभीर चेहऱ्याने ‘आज एकदम भारी शी केली’ असं सांगते, तेव्हा हसू येतं ते ‘भारी’ या शब्दाचं नसतं. तो चुकीच्या खोलीत निसटला, म्हणून येतं.

‘निम्म्या वाचकांना कळत नाही.’

अर्थ कळायची गरज बहुतेक वेळा नसतेच. परिणाम दिसला की पुरतं. ‘‘तुझा ड्रेस क्रिंज आहे,’ मुलगी म्हणाली.’ इथे शब्द माहीत नसेल तर वाचक अडला. ‘‘आई, क्रिंज,’ मुलगी पुटपुटली आणि शाळेचं फाटक येईपर्यंत दहा पावलं मागून चालत राहिली.’ इथे आजोबांनाही कळतं. प्रतिक्रिया त्याच किंवा पुढच्या वाक्यात यायला हवी. परिच्छेदभर लांबली की उशीर झाला. एका वाक्यात दोन अनोळखी शब्द आले तर दोघेही एकमेकांना आधार देत नाहीत. अवतरणचिन्हांत कोंडणं, तळटीप देणं, निवेदकाने कंसात अर्थ सांगणं, यातलं काहीही केलं की विनोद संपला.

देवनागरीचा एक व्यावहारिक त्रासही आहे. ‘फोमो’ (काहीतरी हुकण्याची धास्ती), ‘योलो’ (जगणं एकदाच) हे शब्दासारखे वाचता येतात, म्हणून चालतात. इंग्रजी अक्षरं एकेक उच्चारायची लघुरूपं मात्र ‘टीबीएच’ (टू बी ऑनेस्ट), ‘आयवायकेवायके’ (इफ यू नो, यू नो) अशी दिसायला लागतात. शेवटचं वाचताना डोळ्यांना घाम फुटतो. ती सरळ टाळावीत. आणि ‘रिझ’ (छाप पाडायची हातोटी) की ‘रिझ्झ’, हे एकदा ठरवून पुस्तकभर पाळावं.

‘लेखिका तरुण दिसायला धडपडतेय.’

यात तथ्य आहे, पण फक्त निवेदनापुरतं. तृतीयपुरुषी निवेदकच स्लँगमध्ये बोलू लागला तर पात्र आणि निवेदक यांच्यातलं अंतर मिटतं, आणि विनोद त्या अंतरावरच उभा असतो. प्रथमपुरुषी आई सांगत असेल तर स्लँग चालते, पण तिची पातळी प्रसंगाप्रमाणे हलायला हवी. टाके दुखताहेत, आई बाथरूममध्ये नळ सोडून रडतेय, तिथे तेच चटपटीत शब्द आले तर ती खोटी वाटते. लपवाछपवी म्हणून मुद्दाम आणले असतील तर गोष्ट वेगळी. मग ते कुणाला तरी ऐकवण्यासाठी असावेत.

शोभेची स्लँग ओळखायला ती काढून जागी साधा शब्द ठेवा. ओळ तेवढीच हसवत असेल तर ती फुकटची होती. ओळ कोसळली तर राहू द्या. मात्र सगळी गंमत त्या शब्दाच्या नवलाईवरच उभी असेल, तर पहिल्यांदा तीच ओळ मरणार.

मराठीत आणखी एक अडचण येते, ती वाक्याच्या शेवटी बसलेल्या क्रियापदाची. ‘नवरा संध्याकाळपर्यंत स्वतःला लेजंड समजत फिरत होता’ यात ठोसा ‘लेजंड’वर आहे आणि त्यानंतर तीन शब्द उरतात. ‘नवऱ्याने डायपर बदलला. एक. संध्याकाळपर्यंत चेहऱ्यावर एकच भाव: लेजंड.’ वाक्य तोडलं की शब्द शेवटी जातो आणि लागतो.

‘वाचकांच्या प्रतिक्रिया वाचा.’

वाचाव्यात, पण चाळून. हसलेला वाचक प्रसंग सांगतो, ‘ते डॉक्टरकडचं प्रकरण’ म्हणतो; वैतागलेला वाचक शब्दावर बोट ठेवतो. त्यामुळे तक्रारींत स्लँगचं नाव येतं आणि कौतुकात येत नाही. शिवाय ‘स्लँग खटकली’ या एका वाक्यात वेगवेगळी दुखणी असतात. ‘कळलं नाही’ला परिणाम दाखवणं हा उपाय. ‘असं बोलत नाहीत’ला श्रोता तपासणं. ‘तेच तेच’ला संगणकात शब्द शोधून प्रकरणागणिक मोजणं. तोच पेटंट शब्द आई, मावशी आणि शेजारीण तिघींच्या तोंडी सापडला तर एकीच्याच तोंडी ठेवावा, कारण तिघींमधून लेखिकाच ऐकू येते.

छापण्याआधी वाचायला देताना मत विचारू नये. समासात तीनच खुणा करायला सांगाव्यात: अडलं, हसलो, खोटं वाटलं. वाचणाऱ्यांत वेगवेगळ्या वयाची माणसं असावीत, निदान एक तरी मूलबाळ नसलेलं. बहुतेकांची ‘खोटं’ची खूण एकाच ठिकाणी पडली तर ती ओळ जाते. एकाचं ‘खोटं’ आणि दुसऱ्याचं ‘हसलो’ एकाच शब्दावर असेल तर त्याला हात लावू नये.