‘नॉर्मल’ काय ते मतदानानं ठरत नाही

एक संदेश सगळीकडे फिरतोय. त्याचा सारांश असा: चारचौघांपेक्षा वेगळं वागलं की मानसशास्त्रज्ञ त्याला आजार म्हणतात, १९७३ साली अमेरिकेत मतदान घेऊन समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, म्हणजे हे शास्त्र नसून बहुमत आहे, आणि धडधाकट माणसांनाही मनोरुग्णालयात दाखल करून घेतलं गेलं. यावर विसंबून कुणी उपचार टाळू नयेत, म्हणून उत्तर देतोय.

आधी ‘वेगळं म्हणजे आजारी’. ज्यांचा बुद्ध्यांक ७० च्या खाली असतो अशी माणसं साधारण दोन टक्के. १३० च्या वरचीही तेवढीच. दोन्ही गट सारखेच विरळ, पण १३० वाल्यांना कुणी उपचार सुचवत नाही. ७० च्या खालीही नुसत्या आकड्यावर निदान होत नाही. रोजचे व्यवहार जमतात का, हे पाहावं लागतं. वेगळेपणासोबत त्रास, कामकाज कोलमडणं आणि धोका यांचाही विचार होतो, आणि यातली एकच खूण सहसा पुरत नाही. उन्मादाच्या (मेनिया) झटक्यात माणूस रात्ररात्र जागतो, कर्ज काढून पैसे उधळतो आणि ‘मी मजेत आहे’ म्हणतो. त्याला त्रास जाणवत नाही, तरी तो आजार आहे. उलट जत्रेत देवीपुढे अंगात येणारी बाई दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी शेतावर जात असेल, तर तिला रुग्ण म्हणता येत नाही. धार्मिक-सांस्कृतिक चौकटीतली अशी अवस्था जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानंच वगळली आहे.

आता ते मतदान. संदेश अर्धीच गोष्ट सांगतो. १९५७ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हूकर यांनी ३० समलैंगिक आणि ३० भिन्नलैंगिक पुरुषांच्या मानसिक चाचण्या तज्ज्ञांपुढे ठेवल्या; कुणाची कुठली, ते लपवून. तज्ज्ञांना फरक ओळखता आला नाही. पुढे मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट स्पिट्झर यांनी आजाराची कसोटी मांडली: त्या अवस्थेमुळे त्रास होतो का, जगणं अडतं का? समलैंगिकता त्या कसोटीवर आजार ठरत नव्हती. डिसेंबर १९७३ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या विश्वस्तांनी ती आजारांच्या यादीतून वगळली. सदस्यांचं मतदान झालं १९७४ मध्ये, आणि ते मागितलं होतं निर्णयाच्या विरोधकांनी! ५८ टक्क्यांनी निर्णय कायम ठेवला.

मुळात ती यादीत आली ती पूर्वग्रहामुळे, हे मात्र खरं, आणि ते लपवू नये. १८५१ मध्ये सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरनं गुलामांच्या पळून जाण्यालाच आजार ठरवलं होतं. सोव्हिएत राजवटीनं विरोधकांना स्किझोफ्रेनियाचं लेबल लावून डांबलं. हे गुन्हेच होते. समाजाला न पटणं एवढ्यावर निदान करायचं नाही, हा नियम अशाच अनुभवांतून पक्का झाला.

धडधाकट माणसांना दाखल करून घेतल्याचा तिसरा दाखला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड रोझेनहान यांच्या प्रयोगाचा. त्यात दाखल झालेल्या आठ जणांनी आपल्याला आवाज ऐकू येतात, असं खोटं सांगितलं होतं. डॉक्टरांनी तक्रारीवर विश्वास ठेवला, यात नवल नाही. शिवाय २०१९ मध्ये पत्रकार सुझॅना कॅहलन यांनी प्रयोगाच्या नोंदी तपासून त्याच्या विश्वासार्हतेवरच गंभीर प्रश्न उभे केले.

आपल्याकडे तर हा प्रश्न कायद्यानंच सोडवलाय. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम ३: समाजातल्या प्रचलित नैतिक, सांस्कृतिक, राजकीय मूल्यांशी किंवा धार्मिक श्रद्धांशी न जुळणं हा मानसिक आजार ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही. मुलगी घरच्यांनी ठरवलेलं लग्न नाकारते, एवढ्यावरून तिला मनोरुग्ण ठरवू पाहणाऱ्या कुटुंबाला हे कलम दाखवता येतं.