आ-हाच्या वारसदारांनी भांडावं कसं

बँड फुटला की पुढे सरसावतात वकील आणि चाहते. वकील फी मिळाली की थांबतात. चाहत्यांना कोणी पैसे देत नाही, त्यामुळे त्यांना थांबायचं काही कारणच उरत नाही.

तुम्ही या दुसऱ्या गटात नव्याने भरती झाला असाल आणि नॉर्वेच्या आ-हा या त्रिकुटावर तुमचा जीव जडला असेल, तर चार गोष्टी आधीच सांगून ठेवतो. या भाऊबंदकीत मी बरीच वर्षं काढली आहेत. कोणाचा बांध कुठून कोरायचा हे मला पाठ आहे.

सुरुवात तारखेपासून करा. बँड बंद करत असल्याचं तिघांनी १५ ऑक्टोबर २००९ ला जाहीर केलं. पुढचं वर्षभर निरोपाचा दौरा झाला आणि ४ डिसेंबर २०१० ला ओस्लोच्या स्पेक्ट्रुम सभागृहात शेवटचा कार्यक्रम. आता आपल्याकडे नाटकाच्या जाहिरातीत 'शेवटचे मोजके प्रयोग' अशी चौकट दिसली की जाणता प्रेक्षक निवांत होतो. अजून दीड वर्ष तरी तिकीट मिळणार, मग 'लोकाग्रहास्तव' येणार, हे त्याला ठाऊक असतं. नॉर्वेच्या माणसाला हे शिक्षण मिळालेलं नाही. त्याने जाहिरात वाचली, तिकीट काढलं, रडला आणि रुमाल धुवायला टाकला. रुमाल वाळतो न वाळतो तोच, २१ ऑगस्ट २०११ ला, तेच तिघे त्याच स्पेक्ट्रुममध्ये उभे. कारण मात्र असं होतं की कोणाची बोलायची टाप नव्हती: नॉर्वेत २२ जुलैला झालेल्या हत्याकांडात गेलेल्यांसाठीचा राष्ट्रीय शोकसोहळा. हा कार्यक्रम हिशोबात धरायचा नाही. भांडखोरांतही एवढी लाज शिल्लक आहे.

हिशोबात धरायचं ते २०१५. त्या वर्षी 'कास्ट इन स्टील' नावाचा नवा अल्बम आला, सप्टेंबरात रिओला मोठा कार्यक्रम झाला. पुढे २०१७ मध्ये गिस्के बेटावर वाद्यांच्या वायरी काढून मैफल, २०२२ मध्ये आणखी एक अल्बम. म्हणजे निरोपानंतरचा संसार बऱ्याच जणांच्या मूळ संसारापेक्षा लांबला. इथे तुम्ही भुवया उंचावून म्हणायचं, "मग २०१० ला आम्ही नक्की कशासाठी रडलो?" हा प्रश्न फार गुणी आहे. याला उत्तर नसल्यामुळे तो कितीही वेळा वापरता येतो.

कोणी म्हणेल, अहो, परत आले यात आनंद माना. अशा माणसाशी बोलू नका, तो नुसता गाणी ऐकणारा आहे. निरोपाच्या तिकिटाला पैसे मोजलेला खरा चाहता बँड परतल्यावर आधी आनंदाने नाचतो आणि मग फसवणुकीची तक्रार करतो. दोन्ही एकाच संध्याकाळी.

यानंतर संख्येचा वाद. बँड फुटला किती वेळा? नवखा माणूस म्हणतो एकदा. तुम्ही खाकरायचं. १९९३ ला 'मेमोरियल बीच' हा अल्बम आला, फारसा चालला नाही, १९९४ नंतर तिघे तीन दिशांना गेले. घोषणा नाही, पत्रक नाही, कोणी कोणाला अधिकृतपणे सोडलं नाही. आपल्याकडे एखादी सून भांडून माहेरी जाते आणि दोन्ही घरं शेजारपाजाऱ्यांना "चार दिवस राहायला गेलीय" असं सांगतात, तसले ते चार दिवस. ते चार वर्षं चालले. १९९८ मध्ये नोबेल शांतता पुरस्काराच्या मैफलीत तिघे एकत्र गायले. (शांतता पुरस्कारच हवा होता, साहित्याच्या पुरस्काराने ही दिलजमाई झाली नसती.) तर ही फूट धरायची की रजा? हे ठरवायला दोन चाहते बसवा आणि चहा टाकून या. चहा होईपर्यंत ते तिसऱ्याला मूर्ख ठरवण्यावर एकमत झालेले असतील.

इतर बँडांचे दाखले खिशात असू द्या, पण जपून काढा. शेफिल्डच्या ह्यूमन लीगचं उदाहरण चांगलं चालतं. १९८० ला उभा चिरा गेला, यंत्रं जाणणारे दोघे बाहेर पडले आणि नाव राहिलं गायकाकडे. त्याने नाइटक्लबात नाचणाऱ्या दोन शाळकरी मुली बँडमध्ये घेतल्या, आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये पहिला नंबर. बाहेर पडलेल्यांनी हेवन सेव्हन्टीन काढला, तोही चालला. याला म्हणतात वाटणी: दोन्ही भावांच्या विहिरीला पाणी. उलट सॉफ्ट सेल या ब्रिटिश जोडीचं नाव काढू नका. त्यांनी २०१८ ला लंडनच्या ओटू सभागृहात शेवटचा म्हणून कार्यक्रम केला आणि २०२२ ला नवा अल्बम आणला. एकदा हे नाव निघालं की समोरचा म्हणणार, "बघा, सगळेच असे." मग आपल्या दुःखाचं वेगळेपण काय राहिलं?

आता मुख्य काम: पक्ष निवडणं. तिघांपैकी एकाला धरा आणि बाकी दोघांमुळे बँड बुडाला असं ठामपणे सांगत राहा.

मॉर्टेन हार्केटचा पक्ष सोपा आहे. चेहरा आणि आवाज, दोन्ही देवाने फुरसतीत केलेले. 'समर मूव्हड ऑन'मध्ये तो एक सूर २० सेकंद धरतो. या पक्षात शिरायचं असेल तर हा आकडा तोंडपाठ हवा आणि तो सांगताना स्वतःचा श्वासही रोखलेला हवा. पॉल वाकतार-साव्हॉयचा पक्ष गंभीर लोकांचा. बहुतेक गाणी त्याची, म्हणून बँड त्याचा, असं त्यांचं साधं सातबाऱ्याचं गणित. हे लोक फार हसत नाहीत.

माझा पक्ष मॅग्ने फुरुहोल्मेनचा, आणि इथे मी जरा रेंगाळणार, कारण गोष्ट तशीच आहे. मॅग्ने आणि पॉल ओस्लोच्या मँगलेरुड भागातले शेजारी. दोघेही गिटारवाले. एका बँडमध्ये दोन गिटारी कशाला, म्हणून पोरवयातच मॅग्नेच्या हाती कीबोर्ड दिला गेला. आता तुम्हीच सांगा, आपल्या घरात धाकट्याला बॅट मिळते का? त्याला यष्टिरक्षक करतात, कारण ग्लव्ह्ज पडून असतात. पण या यष्टिरक्षकाने पंधरा-सोळाच्या वयात एक सुरावट काढली. बँडमधल्यांना ती च्युइंगगमच्या जाहिरातीसारखी उथळ वाटली, तिला नावही त्या गोळीचंच पडलं. पुढे लंडनला तीच सुरावट जुनो-६० या सिंथेसायझरवर वाजली. गाण्याचं नाव 'टेक ऑन मी'. १९८४ ला ब्रिटनमध्ये आपटलं. अ‍ॅलन टार्नी या निर्मात्याने नव्याने केलं, पुन्हा आणलं, पुन्हा आपटलं. मग स्टीव्ह बॅरनने चित्रफीत केली, आणि १९ ऑक्टोबर १९८५ च्या यादीत अमेरिकेत पहिला नंबर.

ती चित्रफीत तुम्ही पाहिलीच असेल. कॅफेत एक मुलगी व्यंगचित्रांचं मासिक चाळतेय, आणि कागदातून पेन्सिलीने काढलेला हात बाहेर येतो. नीट बघा तो हात. रेषा एका जागी टिकत नाहीत, थरथरतात. चित्रित केलेल्या प्रत्येक चौकटीवर माणसांनी बसून पेन्सिल फिरवली आहे, हजारो चौकटी, महिनोन्‌महिने. आता हा हात कोणाचा यावरून कोणी भांडत नाही, तो मॉर्टेनचाच. सुरावट कोणाची यावर मात्र आजन्म भांडता येतं, आणि गंमत म्हणजे 'टेक ऑन मी'च्या श्रेयात तिघांचीही नावं छापलेली आहेत. कागदोपत्री वाटणी इतकी स्वच्छ असताना आपण कोर्टबाजी करतो, तेव्हाच आपली निष्ठा सिद्ध होते.

एक सावधगिरी. २०२१ ला या तिघांवर माहितीपट आला. त्यात त्यांच्यातली धुसफूस स्वच्छ दिसते. गिटार सोडावी लागली याचं मॅग्नेला अजून वाईट वाटतं, हेही दिसतं. तो बघू नका. बघितलात तर मोठी पंचाईत होईल. तुम्ही वर्षानुवर्षं जे तावातावाने मांडत आलात, तेच ही माणसं शांतपणे, थोडी कंटाळून बोलताना दिसतील. आपल्या भांडणात मूळ मालकांनी तोंड घालणं बरं नव्हे. वारशाच्या खटल्यात मयताने साक्ष देऊ नये एवढा साधा संकेत आहे, आणि इथे तर मयत तिघेही जिवंत असून निरोपानंतरही दौरे करून आले.

वारशाचं मोजमाप कसं करायचं, हेही कोणी विचारेल. सोयीचं माप वापरा. विरुद्ध पक्ष 'एका गाण्याचा बँड' म्हणाला की १९८६ चा जानेवारी काढा, तेव्हा 'द सन ऑलवेज शाइन्स ऑन टीव्ही' ब्रिटनमध्ये पहिलं होतं. 'टेक ऑन मी' तर तिथे दुसऱ्यावरच अडकलं होतं. ब्रिटिश हिशोबाने एक गाणं धरायचं तर ते वेगळंच निघतं, एवढं ऐकून समोरचा गोंधळतो. मग १९८७ चं बाँडपटाचं गाणं काढा. मग १९९१ चं रिओ, माराकाना मैदान, लाखाच्या कितीतरी वर गर्दी. यावर तो म्हणेल, "पण आज कोण ऐकतं?" तेव्हा शांतपणे सांगा की यूट्यूबवर ती पेन्सिलीची चित्रफीत २०२० मध्येच १०० कोटी वेळा पाहून झाली. त्यातल्या काही हजार वेळा आपणच पाहिली, हे सांगायची गरज नाही.

२०१२ मध्ये नॉर्वेच्या राजाने तिघांना सेंट ओलाव्ह सन्मान दिला, हेही लक्षात असू द्या. बँड बंद असताना सरकारी पदक मिळालं. आपल्याकडेही माणूस निवृत्त झाल्याशिवाय शाल-श्रीफळ निघत नाही, त्यामुळे हे मराठी मनाला लगेच पटतं.

जून २०२५ मध्ये हार्केटला पार्किन्सन असल्याचं जाहीर झालं. आवाजालाही त्रास होतो, असं त्याने स्वतः सांगितलं. आमच्या ओळखीतली सगळी भांडकुदळ मंडळी दोन दिवस गप्प होती. पॉलवाल्यांनी मॉर्टेनवाल्यांना फोन केले. तिसऱ्या दिवशी एकाने हळूच विचारलं, "मग आता २०१० चाच निरोप खरा धरायचा ना?" त्याला कोणी उत्तर दिलं नाही. यावर मला सल्ला सुचत नाही. पुढे जातो.

शेवटी माझी स्वतःची पात्रता सांगतो, म्हणजे सल्ला कोणाकडून घेताय ते कळेल. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्या गावात यादी आणि कोरी कॅसेट दिली की गाणी भरून देणारं एक दुकान होतं. मी साठ मिनिटांची कॅसेट दिली. एका बाजूला आ-हाचा पहिला अल्बम, दुसऱ्या बाजूला मॉडर्न टॉकिंग. दुकानदाराने लेबलवर बॉलपेनने 'आहा (इंग्लिश)' असं लिहून दिलं, मला वाटलं त्याचं मत लिहिलंय. अल्बम दहा गाण्यांचा, आणि कॅसेटची बाजू तीस मिनिटांची. नववं गाणं सुरू होऊन जेमतेम दम धरतंय तोच खट्‌ आवाज होऊन टेप थांबायची.

कितीतरी वर्षं मला तोच शेवट वाटत होता. इतका ठाम, इतका धाडसी, मधेच हात सोडून देणारा. मी त्यावर कॉलेजात एकाशी कडाकडा भांडलो आहे. तो म्हणत होता अल्बम पावसाच्या एका संथ गाण्यावर संपतो, मी म्हणत होतो तुला संगीत कळत नाही. पुढे इंटरनेट आलं तेव्हा पूर्ण अल्बम लावला. नववं गाणं खट्‌ न होता पुढे गेलं. मग दहावं लागलं, पावसाचं.

छान होतं. पण मी म्हटलं, हे कशाला वाढवलं उगाच?