शिक्षा वाढवली की बराकी आणखी भरतात

सोलापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'तुरुंगात गुन्हेगार मावेनात, कारण कायदा मऊ आहे. शिक्षा दुप्पट करा, गर्दी आपोआप हटेल. आणि जामिनावर सगळे सुटतातच.' यातलं एकही वाक्य टिकत नाही.

तुरुंगात मुख्यतः शिक्षा झालेले लोक नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 अखेरच्या आकड्यांत देशभर जागा 4,36,266 आणि माणसं 5,73,220. त्यांतले 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही. नुसत्या त्यांनीच जवळजवळ सगळी जागा भरते.

'शिक्षा दुप्पट करा' यातच खरी गोम आहे. कमाल शिक्षेचा आकडा वाढला की निकालाआधीची कोठडीच लांबते. आरोपपत्र 60 दिवसांत आलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. गुन्ह्याला 10 वर्षं किंवा अधिक शिक्षा असेल तर 90 दिवसांनी. फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 479 बघा. पहिल्यांदाच अडकलेला, दुसरी केस नसलेला आरोपी कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत राहिला की त्याला बाँडवर सोडायचं असतं. शिक्षा 3 वर्षं असेल तर 1 वर्षानं; ती 6 केली की 2 वर्षांनी. जन्मठेप ठेवली की हे दारच बंद. गुन्हा तोच, मुक्काम दुप्पट.

निकालानंतरही तेच. 2019 मध्ये पोक्सोतल्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यातल्या, एका कलमाची किमान शिक्षा 7 वरून 10 वर्षं झाली. इतक्या गंभीर गुन्ह्याला ती हवीच. पण वर्षाला 100 जणांना ती लागली, तर 700 ऐवजी 1000 जागा लागतात, आणि त्या बराकी कुणी मागत नाही.

राहिला जामीन. आदेश झाला तरी जामीनदार लागतो. विजयपूरहून यंत्रमागावर आलेल्या कामगारानं इथला सातबारा किंवा घरपट्टीची पावती असलेला माणूस आणायचा कुठून? जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारणं सुप्रीम कोर्टानं 1978 सालीच मोतीराम खटल्यात चूक ठरवलंय. कोर्टाच्या 31 जानेवारी 2023 च्या निर्देशांनुसार 7 दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अट शिथिल करू शकतं. घरच्यांनी वाट बघत बसू नये. आठव्या दिवशी केस नंबर आणि जामीन आदेशाची प्रत घेऊन प्राधिकरणाचं कार्यालय गाठावं. तिथला वकील मोफत असतो.