दिवसभर रेडिओ लावा आणि गोळ्या बंद करा?

एक मेसेज सतत फिरत असतो. शब्द बदलतात, मजकूर तोच. अमेरिकेतल्या विद्यापीठांची सार्वजनिक रेडिओ केंद्रं दिवसभर पाश्चात्त्य अभिजात संगीत लावतात आणि ॲपवर ती कुठेही फुकट ऐकता येतात. तेव्हा उठल्यापासून झोपेपर्यंत, झोपेतही, ती चालू ठेवा. बुद्धी वाढेल, हृदयाचे ठोके संगीताच्या लयीवर येऊन बीपी उतरेल, कामात लक्ष लागेल, झोप गाढ होईल आणि ४३२ हर्ट्झवर ऐकलंत तर शरीर आतून दुरुस्त होईल. शेवटी शिक्का: ‘विद्यापीठाने सिद्ध केलेले.’

मी स्वतः ही केंद्रं आवडीने ऐकतो, म्हणूनच हा मेसेज जास्त खुपतो.

आधी बुद्धीचं बघू, कारण या गोष्टीला निदान खरा उगम आहे. १९९३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या फ्रान्सिस राउशर आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटा निबंध छापला. कॉलेजच्या ३६ विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोत्झार्टची दोन पियानोंसाठीची डी मेजर सोनाटा ऐकवली. मग घडी घालून कापलेला कागद उलगडला तर कसा दिसेल, अशा धर्तीचे प्रश्न दिले. शांत बसल्यानंतर किंवा शिथिलीकरणाची टेप ऐकल्यानंतर त्याच विद्यार्थ्यांना मिळालेल्या गुणांपेक्षा हे गुण जास्त होते. बुद्ध्यंकाच्या भाषेत आठ-नऊ गुणांचा फरक. पण तो टिकला दहा-पंधरा मिनिटं, आणि हे संशोधकांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं. त्या निबंधात लहान बाळं नव्हती, शाळेतली मुलं नव्हती, दिवसभर चालणारा रेडिओ तर नव्हताच.

पुढे काय झालं ते मासलेवाईक आहे. १९९८ साली जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनी प्रत्येक नवजात बाळाच्या घरी अभिजात संगीताची टेप किंवा सीडी पोचावी म्हणून अंदाजपत्रकात १,०५,००० डॉलर मागितले. पंधरा मिनिटांचा परिणाम पाच वर्षांत सरकारी योजनेपर्यंत पोचला! २०१० साली व्हिएन्नातल्या संशोधकांनी सुमारे चाळीस अभ्यास आणि तीन हजारांच्या आसपास माणसं यांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा मोत्झार्टचं म्हणून वेगळं काही उरलं नाही. शांततेच्या तुलनेत थोडा फायदा दिसतो, पण तो दुसऱ्या संगीतानेही होतो. त्याआधी १९९९ च्या एका प्रयोगात मोत्झार्टची तुलना शांततेऐवजी ऐकवलेल्या गोष्टीशी केली होती. ज्यांना गोष्ट जास्त आवडली त्यांना गोष्टीनंतर जास्त गुण पडले. म्हणजे तरतरी आली, मूड बरा झाला, म्हणून कागदाच्या घड्या सुधारल्या. ज्याला व्हायोलिन ऐकलं की कंटाळा येतो, त्याला ‘बुद्धीसाठी’ म्हणून ते बळेच ऐकवण्यात काय हशील?

आता ठोके. हृदय संगीताच्या तालाला असं जखडत नाही. जखडत असतं तर प्रेस्टो, म्हणजे अतिजलद लयीचा भाग, लागल्यावर छाती धरूनच बसावं लागलं असतं. इटलीतल्या पाव्हिया विद्यापीठाचे लुचानो बेर्नार्दी यांच्या गटाने २००६ साली २४ जणांवरचा अभ्यास छापला. निम्मे संगीत शिकलेले, निम्मे न शिकलेले. वेगवेगळ्या प्रकारचं संगीत ऐकवलं, त्यात एक रागही होता. लय जलद तसा श्वास, नाडी, रक्तदाब चढत गेला. शैलीपेक्षा लयीचं वजन जास्त पडलं. पण मला त्यातली सगळ्यात रंजक गोष्ट वाटते ती वेगळीच. मध्येच दोन मिनिटांची शांतता ठेवली होती, आणि त्या शांततेत नाडी आणि रक्तदाब सुरुवातीच्या पातळीच्याही खाली गेले. अखंड रेडिओ लावणाऱ्याने नेमकी तीच दोन मिनिटं खाऊन टाकली.

संगीताचा काहीच उपयोग नाही, असं मात्र नाही. शस्त्रक्रियेआधीच्या चिंतेवर कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या संस्थेने २०१३ साली २६ चाचण्या तपासल्या. संगीत ऐकलेल्या रुग्णांची घालमेल कमी होती. रक्तदाबावरचा परिणाम जेमतेम. तेवढ्यावर कुणी बीपीची गोळी सोडणार असेल तर हा मेसेज निरुपद्रवी राहत नाही. गोळी कमी करायची की नाही ते डॉक्टर आकडे बघून ठरवतील, रेडिओ ऐकून नव्हे.

‘अभिजात म्हणजे शांत’ ही समजूत तर या केंद्रांचा एक दिवस नीट ऐकला तरी गळून पडते. हायडनच्या ९४ व्या सिंफनीचा दुसरा भाग घ्या. तंतुवाद्यं अगदी साधी, पावलं मोजत चालल्यासारखी धून हळू आवाजात वाजवतात. तीच धून पुन्हा, आणखी हळू आवाजात. तुम्ही उशीवर डोकं टेकता, आवाज थोडा वाढवता, आणि सोळाव्या मात्राखंडात अख्खा वाद्यवृंद टिंपनी या मोठ्या नगाऱ्यांसकट एकच दणका देतो. हायडनने ते मुद्दामच केलंय. होल्स्टची युद्धदेवतेवरची ‘मार्स’ ही रचना किंवा बर्लियोजच्या सिंफनीतली वधस्तंभाकडे निघालेली मिरवणूकही याच केंद्रांवर लागते. शिवाय बऱ्याच केंद्रांवर तासाच्या ठोक्याला बातम्या असतात, शनिवारी दुपारी अनेक ठिकाणी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचं प्रक्षेपण (ही परंपरा १९३१ पासूनची), आणि वर्षातून काही वेळा देणगी मोहीम, जेव्हा निवेदक दर थोड्या वेळाने पैसे मागतात. तिला मनःशांतीचा उपाय म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. लक्ष लागण्याचा मुद्दाही इथेच निकालात निघतो: ऑपेरातली सोप्रानो (उंच पट्टीची गायिका) टिपेला असताना हिशेब तपासून बघा.

झोपेबाबत मेसेज सत्याच्या जवळून जातो आणि चुकतो. कॉक्रेनच्या २०२२ च्या आढाव्यात १३ चाचण्या, १,००७ निद्रानाशी माणसं होती. संगीत ऐकणाऱ्यांना झोप सुधारल्यासारखी वाटली. पण तिथे रोज २५ ते ६० मिनिटं आधीच रेकॉर्ड केलेलं संगीत होतं, रात्रभराचं प्रक्षेपण नव्हे. रेडिओच लावायचा तर ॲपमधला स्लीप टायमर अर्ध्या तासावर ठेवा आणि आवाज सुरुवातीलाच ठरवून टाका. इअरफोन असतील तर हे जास्तच पाळा. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास आहे. ‘उठल्यापासून झोपेपर्यंत’ म्हणजे रोजचे सोळा धरले तरी ११२ तास होतात.

४३२ हर्ट्झवर फार वेळ घालवत नाही. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला कंपनं, आणि सेकंद हे माणसाने ठरवलेलं माप. त्यात निसर्गाचा गूढ आकडा लपलेला नाही. वाद्यं ज्या ‘ए’ स्वराला जुळवतात त्याचा ४४० हा प्रमाण आकडा १९३९ च्या लंडनमधल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरला. त्याआधी १८५९ साली फ्रान्सने ४३५ ठरवला होता. आजही बरोक (साधारण सतराव्या-अठराव्या शतकातलं) संगीत जुन्या पद्धतीच्या वाद्यांवर वाजवणारे बहुधा ४१५ ला जुळवतात. म्हणजे रेडिओवर एकाच संध्याकाळी दोन-तीन वेगवेगळे प्रमाण स्वर कानावरून जातात, आणि कुणाचं काही बिघडत नाही. ४४० आणि ४३२ यांत फरक आहे अर्ध्या स्वराचा जेमतेम एक तृतीयांश. २०१९ साली इटलीत ३३ जणांवर एक प्राथमिक चाचणी झाली. ४३२ वर नाडी किंचित उतरली, रक्तदाबातला फरक दखल घेण्याजोगा नव्हता. यावरून फार तर मोठी चाचणी करावी. शरीर आतून दुरुस्त होतं हे त्यात कुठेच नाही.

राहिला शिक्का. अशा केंद्राचा परवाना विद्यापीठाकडे असतो, एवढाच त्या नावाचा अर्थ. वैद्यक विभाग संगीत निवडत नाही. ते काम संगीत संचालक आणि निवेदक करतात, आणि त्यांच्यासमोर असतं घड्याळ: बातम्यांच्या आधी सात मिनिटं उरली आहेत, त्यात काय बसेल? गंमत म्हणजे अमेरिकी नियमांनुसार या बिगरव्यावसायिक केंद्रांवर जाहिराती चालत नाहीत. प्रायोजकाचं नाव घेता येतं, पण त्याचा माल इतरांपेक्षा चांगला आहे असं म्हणता येत नाही, किंमत सांगता येत नाही, ‘विकत घ्या’ही म्हणता येत नाही. पैसे मोजणाऱ्या गादीवाल्यालाही आपल्या गादीवर झोप सगळ्यात छान लागते असं जिथे वदवून घेता येत नाही, त्या केंद्राच्या नावावर हा मेसेज बीपी उतरवून देतोय.