इंजिन बसलं नाही, भाऊ. आधी बोटीच्या मागं वाकून बघा

नागपुरात समुद्र नाही, पण समुद्रावरच्या बोटींबद्दल मत नसलेला माणूसही इथं सापडायचा नाही. महिनाभर एक मेसेज फिरतोय आणि मला तो धरमपेठेतल्या मेहुण्यापासून वाडीच्या वेल्डरपर्यंत सगळ्यांनी पाठवला. त्यात लिहिलंय ते थोडक्यात असं: ऐंशीच्या दशकातल्या दोन ऑफशोअर (खुल्या समुद्रात वेगानं पळणाऱ्या) बोटी, साचा एकच, इंजिनं तीच, एक ताशी ६२ मैल पळते, दुसरी ७०. म्हणजे पहिलीचं इंजिन बसलंय. उपाय चार. दुप्पट ताकदीचं इंजिन घाला, वेग दुप्पट होईल. मोठ्या पिचचा पंखा लावा. ड्राइव्ह (बोटीच्या मागं असलेला, इंजिनची ताकद पंख्यापर्यंत नेणारा गिअरचा भाग) जमेल तितका वर उचला. आणि जुना ड्राइव्ह भंगारात देऊन नवीन आणा.

मी आठ वर्षं शारजाहला बोटींच्या वर्कशॉपमध्ये काढली, आता हिंगण्याच्या एमआयडीसीत लेथ चालवतो. प्रोपेलरला तिथंही पंखाच म्हणायचे, इथंही तेच म्हणतो. हा मेसेज लिहिणाऱ्यानं आयुष्यात एकदाही पंखा हातात घेतला नसावा, असं वाटतं.

सुरुवात "बोट तीच" या दोन शब्दांपासून. फायबरची बोट तीस-चाळीस वर्षं ट्रेलरवर चुकीच्या ठिकाणी टेकून उभी राहिली की मागच्या भागात तळ हळूहळू आत दबतो. बाहेरून काही दिसत नाही. तळाला लांबीच्या बाजूनं सरळ अ‍ॅल्युमिनिअमची पट्टी लावा. दोन्ही टोकं टेकतील आणि मधून उजेड दिसेल. हा बाक बोटीचं शेपूट उचलतो, नाक पाण्यात दाबतो. ओला तळ वाढतो, मैल जातात. त्यात लाकडी पट्ट्यांनी आणि फोमनं पाणी प्यायलेलं असेल तर बोट वजनानंही तीच राहत नाही. आणि ते ६२ आणि ७० मोजले कशावर? जुन्या बोटींतला काटा पाण्याच्या दाबावर चालतो आणि बहुतेक वेळा खुशामत करतो. जीपीएसवर मोजल्याशिवाय दोन बोटींची तुलनाच करू नये.

"इंजिन तेच" हेही तपासून घ्या. पूर्वी हॉर्सपॉवर इंजिनच्या क्रँकवर मोजून स्टिकर लावायचे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून बऱ्याच कंपन्या ती प्रोपेलरच्या शाफ्टवर मोजू लागल्या. मधल्या गिअर-बेअरिंगमध्ये दहा टक्क्यांच्या आसपास ताकद जाते. म्हणजे दोन स्टिकरांवर एकच आकडा असला तरी इंजिनं सारखी असतीलच असं नाही.

आता पिच, कारण खरी गंमत इथं आहे. पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात कागदावर किती इंच पुढं जायला हवा. इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे गुणिले पिच, भागिले गिअर रेशो (पंख्याच्या एका फेऱ्याला इंजिनचे किती फेरे), भागिले १०५६. उत्तर ताशी मैलांत. (१०५६ ही जादू नाही. एका मैलात ६३,३६० इंच, त्याला तासातल्या ६० मिनिटांनी भागा.) समजा ड्राइव्ह १.५ चा, पंखा २४ पिचचा, इंजिन ४८०० फेऱ्यांवर. कागदावर ७२.७ मैल. आता मेसेजचं ऐकून २६ पिच लावा. एक इंच पिच वाढलं की साधारण दीडशे ते दोनशे फेरे पडतात, तेव्हा इंजिन ४४०० वर येईल. पुन्हा गणित करा: ७२.२. पैसे गेले, वेग होता तिथंच, वर इंजिन चौथ्या गिअरमध्ये घाट चढणाऱ्या ट्रकसारखं कण्हतंय. पूर्ण थ्रॉटलवर इंजिन कंपनीनं सांगितलेल्या फेऱ्यांच्या खाली राहिलं तर ते आतून ठोकायला लागतं, पिस्टन खराब होतात. आणि मग मालक म्हणणार, बघा, इंजिन बसलंच होतं.

दुसरी बोट ७० पळत असेल तर तिच्या ड्राइव्हमधला रेशो आधी विचारा. १.३६ आणि १.६५ चे ड्राइव्ह बाहेरून जुळे भाऊ वाटतात, आत दातांची संख्या वेगळी. मधल्या मालकानं ड्राइव्ह बदलला असेल आणि सांगितलं नसेल, हे मी कितीदा पाहिलंय.

मेसेजमध्ये एक वाक्य असंही आहे: "पंखा पाण्यात घसरतो तो सगळा तोटा, चांगल्या पंख्याची घसरण शून्य असते." संक्रांतीला पतंग उडवणाऱ्या माणसानं हे वाचून हसावं. कन्नी चुकीची बांधली आणि पतंग वाऱ्याला अगदी समांतर झाला तर तो उचलतच नाही, त्याला थोडा तिरपेपणा लागतो. पंख्याच्या पात्याचंही तेच. घसरण शून्य झाली तर ढकलही शून्य. वेगात पळणाऱ्या बऱ्याच बोटींत दहा-पंधरा टक्के घसरण असते, म्हणजे कागदावरच्या वेगापेक्षा खरा वेग तितका कमी, आणि ती आजार नव्हे. वरच्या ७२.७ मधून १२ टक्के वजा करा: ६४. आता तो "बसलेला" ६२ वाला तितका वाईट वाटतो का?

दुप्पट ताकद, दुप्पट वेग: यावर फार शाई घालवत नाही. पाण्यावर उठून पळणाऱ्या बोटीचा वेग ढोबळमानानं ताकदीच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतो. दुप्पट ताकद म्हणजे १.४ पट वेग, तोही वजन तेच राहिलं तर. मोठं इंजिन वजन आणतंच. ६० चे ८५ होतील, १२० नाही.

ड्राइव्ह वर उचलण्यात मात्र तथ्य आहे, म्हणूनच ते सल्ला म्हणून सगळ्यात घातक. साठ मैलांच्या पुढं पाण्याखालचा ड्राइव्हचा गोळा हा मोठा ब्रेक असतो. बोटीच्या तळाच्या सर्वात खालच्या रेषेपासून पंख्याच्या शाफ्टच्या मध्यापर्यंतचं उभं अंतर मोजतात. ते कमी केलं की रोध कमी होतो, वेग वाढतो. एकाच साच्यातून निघालेल्या दोन बोटींत हे अंतर दोन-तीन इंचांनी वेगळं असू शकतं, आणि ७० वाल्याचं गुपित बहुधा तिथंच सापडतं. पण जमेल तितका वर?

मागच्या उन्हाळ्यात रामटेकजवळ खिंडसीला एका ओळखीच्याची छोटी बोट होती, मागं आउटबोर्ड, म्हणजे बाहेर टांगलेलं इंजिन. त्याला वाटलं, दोन इंच वर घेऊ, पोरं खूश होतील. मी म्हटलं, इंजिन अडकवायच्या बोल्टचं एकच भोक वर घे. त्यानं दोन घेतली. सरळ गेली तोवर छान पळाली. वळणावर इंजिन एकदम किंचाळलं, फेरे वर, बोट जागेवर. पंखा पाण्याऐवजी हवा खात होता. मी मागं वाकून बघितलं तर इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची जी धार बाहेर पडते ती बोटाएवढीवरून सुतळीएवढी झाली होती. मे महिन्यातलं नागपूर, तलावाचं पाणीच कोमट, आणि इंजिनला त्यातलंही धड मिळत नव्हतं. "काऊन बंद केलं भाऊ?" त्यानं विचारलं. मी काही न बोलता ती सुतळी दाखवली.

तिथं चाळीस हॉर्सपॉवर होती. चारशेच्या बोटीत समुद्रावर ड्राइव्ह असा वर घ्यायचा तर पाणी ओढायची भोकं खाली असलेला नोज कोन (ड्राइव्हच्या गोळ्याचं टोकदार नाक) लागतो, वेगळ्या पात्यांचा पंखा लागतो, आणि तरी वळताना हात सांभाळावा लागतो. (पंख्याच्या वर असलेल्या आडव्या पत्र्याला सगळे कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात. खरं तर तो वरून हवा ओढली जाऊ नये म्हणून असतो. कॅव्हिटेशन वेगळं, तिथं पाणीच कमी दाबानं उकळतं.)

राहिला जुना ड्राइव्ह. मर्क्रूझर कंपनीचा टीआरएस हा जुना ड्राइव्ह जड होता, त्याचा क्लच वेगळ्या ट्रान्समिशनमध्ये, पुढं इंजिनाजवळ. त्याच कंपनीच्या नंतरच्या ब्राव्हो वनमध्ये क्लच ड्राइव्हच्या वरच्या भागात आला, वजन घटलं, पाण्यातला आकार सुधारला. टीआरएस काढून ब्राव्हो लावणाऱ्यांना वेग मिळाला, हे खरंच. पण खवळलेल्या पाण्यात बोट लाटेवरून उडते, पंखा हवेत मोकळा फिरतो, आणि परत पाण्यात आपटतो तेव्हा सगळा झटका गिअरवर येतो. म्हणून शर्यतीच्या बोटींत स्टिअरिंगवर एक माणूस आणि थ्रॉटलवर वेगळा माणूस असतो. दुसऱ्याचं मुख्य काम बोट हवेत गेली की थ्रॉटल मागं ओढणं. ताकद वाढवून नवा हलका ड्राइव्ह लावला आणि हा हात नसला तर नवाच आधी तुटतो. टीआरएस हळू असेल, पण तो भंगार नाही.

मेसेज ज्यानं मला पहिल्यांदा पाठवला, त्याचा गोव्यातला एक मित्र आहे. त्याचीच ती ६२ वाली बोट असं कळलं. पंखा माझ्याकडं आला. बॉसवर, म्हणजे मधल्या गोल भागावर, २४ कोरलेलं, स्वच्छ वाचता येत होतं. मी तिन्ही पाती गेजवर धरली. दोन पाती २३ च्या आसपास, तिसरं २२ ला जेमतेम. कधीतरी खडकाला लागलं असणार आणि कुणीतरी हातोडीनं सरळ केलं असणार. कडेचा बारीक वळलेला कपही घासून गेला होता, आणि तो कप एकटाच साधारण एक इंच पिचचं काम करतो. मी फोन करून चार गोष्टी विचारल्या: रेशो किती, पूर्ण थ्रॉटलवर फेरे किती, शाफ्ट तळापासून किती इंच, आणि जीपीएसवर वेग किती.

उत्तरादाखल त्यानं इंजिनवरच्या स्टिकरचा फोटो पाठवला.